मानाजी गव्याचे चौतीस दिवस

मुलांनो, डोळे मिटा आणि एक जंगल समोर आणा. मोठी माणसं ऐकत असतील तर त्यांनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. मिटायची सवय त्यांना आहेच.

या जंगलात लहान प्राणी गव्यांच्या पाठीवर बसून प्रवास करत. गवे आपापल्या मर्जीचे. तळ्याच्या वाटेवर गर्दी फार, म्हणून तिथे एका सशासाठी सात गवे शिंगाला शिंग लावत. "या ताई, बसा, लगेच निघतोय!" म्हणत, आणि पाठ भरेपर्यंत रवंथ करत उभे राहत. डोंगरापलीकडच्या करवंदीच्या जाळीकडे मात्र एकही गवा फिरकत नसे. तिथे उतारू थोडे.

त्या जाळीत टिकली राहायची. टिकली म्हणजे पिसोरी, सशाएवढं हरीण. तिच्या आईच्या पायात काटा मोडला होता आणि सूज गुडघ्याकडे चढत होती. वैदू अस्वल तळ्याकाठी. दर आठवड्याला लेप लावला तर पाय वाचेल, असा त्याचा निरोप होता. लंगडी पिसोरी म्हणजे कुणाचं तरी जेवण, हे जंगलात कुणाला सांगावं लागत नाही.

अशात निवडणूक आली. सिंहमहाराज जाळीजवळच्या खडकावर चढले.

"पाठ कुणाची?"

"गव्यांची!"

"पण वाट कुणाची?"

"आपली!"

"मग यापुढे गवा कुठे जाणार, केव्हा निघणार, भाडं किती घेणार, हे दरबार ठरवणार! गव्याने ठेका घ्यायचा आणि वाहायचं. कुचराई केली की ठेका रद्द! पाठ त्यांची, वाट आपली!"

टिकली खुरं दुखेपर्यंत नाचली. कल्पना खरोखरच चांगली होती.

महाराज निवडून आले. ठेक्यासाठी तीन अर्ज आले: मानाजी गव्याचा, मानाजीच्या मेव्हण्याचा, आणि मेव्हण्याच्या नावाने मानाजीचा. अटीतटीची स्पर्धा होऊन ठेका मानाजीला मिळाला. गव्यांच्या पाठी गेरूने रंगवायच्या की हळदीने, यावर दरबार सव्वा महिना बसला. खेपा मोजायच्या कशा, हे जेवणाआधी उरकलं. दर अमावास्येला निरीक्षकाने थांब्यावरचे खुरांचे ठसे मोजायचे. चार ठसे म्हणजे एक खेप.

निरीक्षक म्हणून साळिंदर साहेबांची नेमणूक झाली. अंगावर इतक्या लेखण्या बाळगणारा दुसरा प्राणी जंगलात नव्हता. त्यांनी जाळीजवळची जमीन सारवून घेतली आणि रिवाजाप्रमाणे काट्याने त्या मातीवरच हुकूम लिहिला: "येथे गवा रोज थांबेल."

पहिल्या दिवशी गवा आला. पाठ गेरूने लालभडक.

"मानाजीकाका, आईला बसवते हं!" टिकली म्हणाली.

"थांब गं पोरी, आधी सरकारी काम." असं म्हणून मानाजी थांब्यावर नाचू लागला. पुढे गेला, मागे आला, गिरकी घेतली. धुरळा बसला तेव्हा सगळी जमीन ठशांनी भरली होती.

"हे काय हो काका?"

"महिन्याच्या खेपा. रोज रोज डोंगर कोण चढणार?" मानाजी घाम झटकत म्हणाला आणि रिकाम्या पाठीने निघून गेला.

अमावास्येला साळिंदर साहेब आले. टिकली त्यांच्यामागे धावली. "साहेब, गवा एकदाच आला! आईला नेलंच नाही!"

साहेबांनी मान वर केली नाही. "ठसे आहेत, म्हणजे गवा आला. गवा आला, म्हणजे तुम्ही बसलात. बसलात, म्हणजे गेलात. तेव्हा तुम्ही आत्ता इथे नाही. जी इथे नाही तिची तक्रार मी घेऊ कशी?"

"अहो, पण मी ही समोर..."

"मध्ये मध्ये येऊ नकोस. मोजणी चुकते."

नाचताना मानाजीला जरा रंग चढला होता, त्यामुळे खेपा चौतीस भरल्या. दरबारात त्याच्या गळ्यात हार पडला. महाराज गहिवरले. "एका महिन्यात चौतीस दिवस सेवा! मागच्या राजवटीत महिना कसाबसा तिसापर्यंत जायचा!"

टाळ्या जाळीपर्यंत ऐकू आल्या. आईची सूज गुडघ्यावर आली होती. "राहू दे बाळा," ती म्हणाली, "आपल्यासाठी एवढं केलं त्यांनी, तेच खूप."

टिकली मात्र विचार करत होती. ठसा असला की आपण इथे नाही. मग ठसा नसला, तर?

नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मानाजी आला, नाचला, गेला. टिकलीने निर्गुडीची फांदी तोंडात धरली आणि थांबा लख्ख झाडून काढला.

अमावास्येला साहेब जागीच थिजले. सगळे काटे उभे. "एकही ठसा नाही? म्हणजे गवा आलाच नाही!"

"मग साहेब, मी इथे आहे का?"

त्यांनी तिला खालून वर न्याहाळलं. "आता दिसतेस खरी. तक्रार लिहून घेतो."

ठेका रद्द होणार ही बातमी ऐकून मानाजी दुसऱ्याच पहाटे तोंडाला फेस आणत डोंगर चढून आला. "बसा वहिनी, सावकाश बसा." अस्वलाने काटा काढला, लेप लावला. "आणखी तीनदा आणा," तो म्हणाला, "मग पळतील."

संध्याकाळी मायलेकींना थांब्यावर उतरवल्यावर मानाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेल्या एकोणतीस दिवसांचा नाच उरकून घेतला. तो दिसेनासा झाल्यावर टिकलीने चार ठसे नीट राखले आणि बाकीची जमीन झाडली.

सकाळी थांब्याच्या मातीवर साहेबांच्या सुबक अक्षरात नवा हुकूम होता: "थांबा झाडणे हा जंगलाच्या प्रगतीला विरोध समजला जाईल."

टिकलीने तो दोनदा वाचला. मग फांदी उचलली, कालचे चार ठसे सोडले, आणि बाकीच्या जमिनीबरोबर तोही झाडून टाकला.