खिडकीतली उलटी कुंडी

फार उंचावर, जिथे ढग न विचारता घरात शिरतात, अशा एका गावात एक गल्ली होती. तिथला वारा इतका बोचरा, की अंगणात लावलेलं झाड पहिल्याच हिवाळ्यात करपून जाई. म्हणून तिथली फुलझाडं घरातच वाढत. प्रत्येक घराला रस्त्याकडे एक मोठी काचेची खिडकी आणि त्या खिडकीत कुंडीतली जास्वंद. कुणाची लाल, कुणाची केशरी, कुणाची दुधी गुलाबी.

झाड उजेडाकडे झुकतं. त्यामुळे फुलांचं आणि पानांचं तोंड रस्त्याकडे असे, पाठ घराकडे. कुंडी फिरवायची नाही, असा तिथला रिवाज होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला गल्ली सुंदर दिसली पाहिजे, मग घरातल्यांना काही का दिसेना!

दुसरा रिवाज लेकींचा. मुलगी सासरी निघाली की आईच्या जास्वंदीची एक फांदी तिच्या ओटीत घालत. तिकडे ती फांदी रुजली, फुलली, म्हणजे सून घरात रुळली असं समजत.

गावाला एक कारभारी होता. दर सणाला तो गल्लीतून चालत जाई. हात पाठीमागे, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. गल्ली संपली की मोठ्यानं म्हणे, "सगळी झाडं निरोगी!" लोक टाळ्या वाजवत. तो कधी कुणाच्या घरात शिरला नाही, कधी एका पानाला त्यानं बोट लावलं नाही. पाहणी मात्र झालेली असे.

या गल्लीत एक विणकरीण राहत होती. तिची जास्वंद तिच्या आईकडून ओटीत आलेली. तिची लेक यमू हिचं लग्न डोंगरापलीकडच्या गावात ठरलं होतं. लग्न तोंडावर आलं तेव्हा विणकरणीला दिसलं, की पानं पिवळी पडतायत. हात लावला तर चिकट. एक पान उलटून पाहिलं. पानाच्या पाठीवर पांढऱ्या माश्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. फांदी हलताच कुणी पिठाची चिमूट फुंकावी तशा त्या उडाल्या आणि क्षणात परत येऊन पानाखाली बसल्या.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पहाटे उठून हळूच खिडकी उघडली, कुंडी बाहेर धरली आणि झाड जोरात झटकलं. माश्या उडून गेल्या. तिला हायसं वाटलं. वर पाहते तर समोरच्या घरात हलवायाची बायकोही खिडकी उघडून उभी.

"काय गं, आज एवढ्या लवकर?"

"हवा घ्यायला आले, वहिनी. आणि तुम्ही?"

"मीही हवाच घेतेय," हलवाईण म्हणाली आणि कुंडी पदराआड घेतली.

दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा माश्यांनी भरलं. विणकरीण रोज पहाटे झटकत राहिली, माश्या रोज येत राहिल्या. पहाटे सगळ्याच खिडक्या उघडतात, हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. सगळी गल्ली हवा घेत होती! इकडून झटकलेल्या माश्या तिकडे जात होत्या, तिकडच्या इकडे येत होत्या, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे संकट फक्त आपल्याच घरात आहे.

ती वैद्यबुवांकडे गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"बुवा, जास्वंदीवर पांढरी माशी पडली तर काय करावं?"

"आपल्या गल्लीत माशी नाही. कारभाऱ्यांनी सांगितलंय ना?"

"पण समजा पडली तर?"

"नसलेल्या रोगाला औषध कसं देऊ, बाई?" असं म्हणून बुवांनी दार लावलं. कडीवर त्यांची बोटं चिकटली होती, ती त्यांनी धोतराला पुसली. विणकरणीनं ते पाहिलं. असा चिकटपणा तिला आता चांगलाच ओळखीचा होता.

घरी येऊन ती फांद्या निवडू लागली. त्यातल्या त्यात बरी फांदी काढायची, पुसून लख्ख करायची, ओटीत घालायची.

यमू शेजारी येऊन बसली. "आई, अंडी चिकटलीत गं पाठीवर. ती पुसून जात नाहीत."

"कोण बघतंय एवढं? फांदीला दोन कळ्या आहेत. लोक कळ्या बघतात."

"आणि पुढच्या महिन्यात तिथली झाडं वाळायला लागली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तू बघशील? तू इथे असशील, आई. तिकडे मी असेन. ते म्हणतील, ही आली आणि घराला कीड लागली."

विणकरणीच्या हातातली फांदी हातातच राहिली. खरं सांगावं तर सोयरीक मोडेल. झाकावं तर लेकीचा संसार सुरू व्हायच्या आधीच नासेल. माजघरात विणकर मागावर बसला होता. धोटा थांबला.

"सुतात गाठ राहिली," तो म्हणाला, "तर मी कापड उलटून गिऱ्हाइकाला आधी दाखवतो. घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या. मला तेवढंच कळतं."

"कापड वेगळं आणि पोरगी वेगळी."

"म्हणून तर," विणकर म्हणाला, आणि धोटा पुन्हा चालू झाला.

हळदीच्या दिवशी पहाटे गल्ली जागी होऊ लागली. विणकरणीनं त्या दिवशी झाड झटकलं नाही. तिनं कुंडी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. फुलांचं तोंड घराकडे झालं, पानांची पाठ रस्त्याकडे. पांढरी, चिकट, काळपट बुरशी धरलेली पाठ, सगळ्यांना दिसेल अशी.

बघता बघता दारापुढे गर्दी जमली.

"अगं बाई, हे काय आरंभलंस!" हलवाईण ओरडली. "लेकीची हळद आज, आणि गल्लीला पाठ दाखवतेस?"

"वहिनी, खोटं तोंड दाखवून कंटाळा आला."

"तुझ्या घरात घाण आहे, ती आमच्या दारात कशाला मांडतेस?"

"माझ्या एकटीच्याच घरात आहे?" विणकरणीनं विचारलं. सगळेजण एकमेकांच्या चपलांकडे पाहत राहिले.

कारभारी धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या खिडकीजवळ गेला, तोही नाकाला उपरणं लावून. त्यानं हुकूम सोडला, "माशी याच घरातून येते. खिडकीच्या फटी मातीनं लिंपा. दारावर चुन्यानं खूण करा. हळद, लग्न उरकू दे. मग हे झाड दरीत फेका."

ज्यांनी लपवलं त्यांच्या दारावर खूण झाली नाही. जिनं सांगितलं तिच्या दारावर झाली. कारभारी लोकांची ही रीत त्या एका गावापुरतीच असती तर बरं होतं.

आता हळद कुठे लावायची? खूण झालेल्या घरात कुणी पाऊल टाकेना, बाहेर गारठा. तेवढ्यात हलवाईण पुढे झाली. बोलायला तिखट, पण यमूला तिनं लहानपणापासून खाऊ भरवला होता.

"आमच्याकडे लावा. पोरीचा काय दोष? आमची ओसरी मोठी आहे, उजेड आहे. आणि एक माशी जरी सापडली ना आमच्या घरात, तर हलवायाचं नाव लावणार नाही!"

बोलली खरी, पण त्या गडबडीत तिचं झाड झटकायचं राहून गेलं होतं. सकाळपासून गल्लीत गर्दी, तेव्हा कुणाचंच झटकणं झालं नव्हतं.

दुपारी यमूची सासू आली. तिनं दारावरची चुन्याची खूण पाहिली, मातीनं लिंपलेली खिडकी पाहिली, काचेमागची उलटी कुंडी पाहिली. मग ती हलवायाच्या ओसरीवर येऊन बसली. विणकरणीला तिच्याकडे पाहवेना.

यमूला खिडकीपाशी पाटावर बसवलं. तिच्या मागेच हलवायाची जास्वंद, गल्लीतली सगळ्यात देखणी. बायकांनी तेलात कालवलेली हळद तिच्या गालांना, हातांना, पायांना लावली. गाणी सुरू झाली. दंगामस्तीत कुणाचा तरी धक्का कुंडीला लागला.

पानांखालून पांढरा धुरळा उठला. तो घरभर भिरभिरला आणि हळूहळू खाली उतरला, तो थेट यमूच्या अंगावर. एवढ्या बायका होत्या, रंगीत लुगडी होती, पण माश्यांना बसायला ती पिवळीधमक नवरीच पसंत पडली.

गाणं थांबलं. हलवायाची म्हातारी आत्या डोळे बारीक करून बघत होती. तिला नीट दिसत नसे. ती म्हणाली, "अगं, अक्षता उद्या ना? आजच कुणी टाकल्या पोरीवर?"

कुणी हसलं नाही. हलवाईण भिंतीला टेकली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. "मी रोज झटकते हो," ती हुंदके देत म्हणाली. "रोज पहाटे झटकते. तरी परत येतात."

विणकरीण उठून तिच्याजवळ गेली. सकाळचे शब्द तिला परत करता आले असते. तिनं ते केले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मीही झटकत होते, वहिनी. तुमच्याकडेच पाठवत होते मी त्या. आणि तुम्ही माझ्याकडे."

मग एकेक बाई बोलू लागली. "आमच्याकडेही आहेत." "आमची तर मागच्या सणापासून." वैद्यबुवांची बायको सगळ्यात शेवटी म्हणाली, "आमच्याकडे दाराची कडीसुद्धा चिकटते." दारात उभा असलेला कारभारी आभाळाकडे बघू लागला, जणू माश्या तिकडून आल्या होत्या.

यमूची सासू उठली. यमूजवळ जाऊन तिनं तिचा हात उजेडात धरला.

"आमच्या गावात ही माशी दोन सालांमागे आली," सासू म्हणाली. "एका सुनेच्या ओटीतल्या फांदीवरून. तिच्या आईनं पान उलटून दाखवलं नाही. आता कुणाचंही झाड वाळलं की त्या पोरीला बोल लावतात. माझ्या शेजारीच राहते ती. अजून मान वर करून चालत नाही." ती विणकरणीकडे वळली. "विहीणबाई, येताना मी तुमची कुंडी पाहिली. घाबरू नका. अशा घरची लेक मला हवी आहे."

विणकरणीनं हात जोडले.

सासू अजून यमूचा हात निरखत होती. "आणि हे बघा. या उडत नाहीत आता. तेलाला चिकटल्यात. सुनबाई आली नाही अजून, आणि घराच्या कामाला लागली!"

आता मात्र सगळ्या हसल्या. यमू सगळ्यात मोठ्यानं हसली.

विणकरानं त्याच संध्याकाळी हळदीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या. हलवायानं त्यांना तेल फासलं. प्रत्येक कुंडीजवळ एकेक पट्टी लटकली. मग सासूनं सांगितलं, की त्यांच्याकडे रिठ्याच्या पाण्यानं पानं धुऊन पाहिली होती, पण ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं धुतली. एका घरात धुणं चाललं की माश्या दुसऱ्या घरात मुक्कामाला जात. म्हणून या गल्लीनं ठरवलं, की सगळ्यांनी एकाच सकाळी धुवायचं, खिडक्या बंद ठेवून. पानाचं तोंड नाही, पाठ. फार किडलेली पानं तोडून चुलीत. अंडी एका धुण्यानं संपत नाहीत, म्हणून दर आठवड्याला पुन्हा, कंटाळा आला तरी पुन्हा.

विणकरणीचं झाड दरीत गेलं नाही. कारभाऱ्यानं तो हुकूम आपण दिलाच नव्हता असं सांगितलं. दारावरची खूण मात्र हलवाईणीनं स्वतः ओल्या फडक्यानं पुसली.

यमू सासरी निघाली तेव्हा तिच्या ओटीत फांदी नव्हती; झाड निरोगी झालं की मगच ती द्यायची होती. एक बिनझाडाची कुंडी होती, नुसत्या चांगल्या मातीनं भरलेली. बघणाऱ्यांना ते चमत्कारिक वाटलं. सासूनं ती कुंडी स्वतःच्या मांडीवर घेऊन सगळा डोंगर उतरला.

पुढच्या वर्षी सणाला कारभारी पाहणीला निघाला. गल्लीच्या तोंडाशीच हलवाईणीनं त्याला अडवलं. "रस्त्यानं नाही, कारभारी. घरातून चला. चपला काढा आणि वाका." त्या दिवशी त्याला गल्ली संपवायला संध्याकाळ झाली. शेवटी कंबर धरून तो म्हणाला, "सगळी झाडं निरोगी!" आणि त्या वेळी ते खरं होतं.

मग विणकरीण लेकीच्या गावी गेली. तिच्या हातात जास्वंदीची एक फांदी होती. यमूची रिकामी कुंडी खिडकीत वाट पाहत होती. शेजारच्या घरातली ती मान खाली घालून चालणारी सूनही बघायला आली होती. विणकरणीनं कळ्या कुणाला दाखवल्या नाहीत. आधी एकेक पान उलटलं, पाठ उजेडात धरली, सगळ्यांना दाखवली. मग फांदीचा एक तुकडा तोडून तिनं त्या सुनेच्या हातात ठेवला.

त्या सुनेनं तो उलटून पाहिला, अगदी जवळून, प्रत्येक पान. आणि मग तिनं मान वर केली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या घरची कीड गुपचूप झटकली तर ती मरत नाही, शेजाऱ्याकडे जाते आणि तिथून परत येते. जो पान उलटून दाखवतो त्याच्या दारावर खूण करू नका. त्याच्याबरोबर आपलंही पान उलटा.