वेळदरीचा उघडा विडा

बसा पावण्यांनो, सावलीला बसा. हा समोर भैरोबा, आणि त्याच्या मागं उभा दिसतोय तो विड्याचा कडा. तुमच्यापुढं पान असं उघडंच का ठेवलं, घडी घालून वर लवंग का टोचली नाही, हे सगळेच विचारतात. सांगतो. घाई नाही ना?

फार मागं वेळदरीची पाटीलकी रायाजीकडं होती म्हणे. बाप लवकर गेलेला. धाकट्या सटवाजीला रायाजीनंच खांद्यावर घेऊन वाढवला. पण पाटीलकी थोरल्याची, हे धाकट्याला सलायला लागलं. त्यानं पलीकडच्या वाडीतल्या हैबतीला बोलावलं आणि पुढं विडा ठेवला. आता शहरात सुपारी दिली म्हणतात, तेच हे. तेव्हाची रीत अशी, की विडा आधी उचलायचा, नाव मागून कळायचं. आणि उचललेला विडा खाली ठेवला तर माणूस मेल्यातच जमा. हैबतीनं उचलला. मग नाव कळलं.

रायाजी वैरणीच्या माळावर त्याला एकटा सापडला.

हैबती धरला गेला. त्यानं सगळं कबूल केलं, सटवाजीचं नावही सांगितलं. ह्याच देवळापुढं गोताची पंचायत बसली. पंचांचं मत पडलं, वार ज्यानं केला त्याचा कडेलोट. सटवाजीनं शस्त्राला हात लावला नाही, तेव्हा त्याला गावाबाहेर काढा. आईला एक तरी लेक जिता राहील. दयेनंच म्हणाले ते.

सटवाजी म्हणाला, "मी तर तेव्हा घरी आईच्या हातचं जेवत होतो."

दोघांची आई येसाई बाजूला बसलेली. तिनं हैबतीला विचारलं, "माझा राया जाताना काय बोलला रं?"

हैबती मान खाली घालून म्हणाला, "सटू, धाव रे, म्हणून ओरडत होते. मी म्हटलं, पाटील, त्याला कशाला हाका मारता, त्यानंच विडा दिलाय. तर म्हणाले, मरणाऱ्याशी तरी खोटं बोलू नको. आणि पुन्हा त्यालाच हाका मारायला लागले."



येसाई उठली. "पंचांनो, ह्याला सोडा असं मी म्हणत नाही. पण ह्याचं माझ्या रायाशी वैर नव्हतं. वैर माझ्या चुलीपाशी जेवत होतं. विडा दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला असं समजा, आणि दोघांना सारखंच द्या."

"आये, तुला आता मी एकलाच राहिलोय गं!"

"ते तूच केलंस, लेकरा."

दोघांचा कडेलोट ह्याच कड्यावरून एकाच सकाळी झाला, असं सांगतात. कुणी म्हणतं येसाईनं पाठ फिरवली, कुणी म्हणतं ती बघत उभी राहिली. मला ठाऊक नाही. आमचा आजा एवढंच सांगायचा, की तिनं सुतक तिघांचं धरलं.

आजही वेळदरीत काम चारचौघांत मोठ्यानं सांगितल्याशिवाय विडा पुढं होत नाही. पान झाकायचं नाही, म्हणून घडी नाही की लवंग नाही, आणि देणारा ते आपल्या हातानं फाडून अर्धं आधी स्वतः खातो. लग्नात बाहेरची माणसं हसतात, हसू दे. परक्याला देताना एखादा विसरतोही कधी. भाऊ भावाला देताना मात्र अजून कुणी विसरलेलं नाही.