कल्हईवाल्याचं हसू

पूर्वी एकदा, तुमचा-माझा कुणाचाच पत्ता नव्हता तेव्हा, एका राज्यात एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात सुया-दोरे विकणारा एक दुकानदार होता आणि त्याच्याकडे फोटो काढायची पेटी होती.

राजाच्या काळात फोटोची पेटी कुठून आली, असं आत्ताच कुणीतरी विचारणार. विचारू नका. गोष्टीत कावळा बोलतो तेव्हा गप ऐकता, मग पेटीलाच का अडवता? होती म्हणजे होती.

पेटीला पुढे भिंग, मागे झाकण, आत रोल. भिंगातून उजेड आत जायचा आणि रोलवर बसायचा. मग तो रोल अंधारात औषधाच्या पाण्यात धुतला की माणूस उमटायचा. धुण्याआधी रोलला बाहेरचा उजेड लागला, की सगळं संपलं. एवढं ध्यानात ठेवा. बाकी काही कळायची गरज नाही.

दुकानदार माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. गिऱ्हाईकाला दोरा देताना डोळे रस्त्यावर. त्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या बघ, त्या माळणीचं नाक बघ. गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो, हिरवा मागितला, तांबडा काय बांधताय?" तोवर हा पेटी घेऊन रस्त्याच्या मधोमध.

भिंगं तर त्याच्याकडे पिशवीभर. लांबचं जवळ आणणारं एक, रुंद दाखवणारं एक, उगाच घेतलेली कितीतरी. एक लावलं की त्याला वाटायचं दुसरं बरं होतं. दुसरं लावलं की पहिलं. तेवढ्यात समोरचा माणूस घरी जाऊन जेवून झोपलेला असायचा.

दुकानाच्या जिन्याखाली एक अंधारी खोली होती. तिथं तो रोल धुवायचा. त्या खोलीच्या आढ्याला एक म्हातारी वाघूळ उलटी लटकायची. दुकानदार तिला आजी म्हणायचा आणि ती त्याला सुईवाल्या म्हणायची.

"सुईवाल्या, किती चुळबुळ करतोस! औषधाला त्याचं काम करू दे," ती म्हणायची.

"आजी, उमटलं का नाही ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"तुझ्या चैनीसाठी ते लवकर उमटणार आहे का?"

हा पुन्हा पाण्यात बोट घालायचा.

त्याच गावात एक कल्हईवाला होता. गावातली तांब्या-पितळेची भांडी त्याच्या हाताखालून जायची. त्या वर्षी राजाची फौज लांबच्या मुलखात निघाली. फौज म्हटली की मोठमोठे हंडे, पातेली आली. त्यांची कल्हई उडाली की जेवण कळकतं आणि शत्रूच्या आधी पोटच माणसाला पाडतं. म्हणून हुकूम निघाला, कल्हईवाल्यानं फौजेबरोबर जावं. हुकमाला नाही म्हणायची सोय नव्हती.

कल्हईवाल्याची बायको पोटुशी होती. ती सुया-दोऱ्याच्या दुकानात आली. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"दादा, हे निघाले. परत कधी येतील ते राजाला ठाऊक. येतील का नाही ते राजालाही ठाऊक नाही. माझ्या पोराला बापाचं तोंड कळायला नको? तुम्ही रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचेही फोटो काढता. ह्यांचा एक काढा."

"एवढंच ना? उद्या सकाळी भट्टीवर येतो," दुकानदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फौज निघायच्या गडबडीत होती. शिंगं वाजत होती, बैल अडून बसले होते. कल्हईवाला गावातलं शेवटचं पातेलं घेऊन भट्टीपुढे बसला होता. दुकानदारानं पेटी लावली. भिंग बसवलं. काढलं. दुसरं बसवलं. उजेड बघितला. पुन्हा पहिलं बसवलं. तोवर इकडे नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील फिरलं, पातेलं चकाकलं, आणि ज्याचं होतं तो ते उचलून चालता झाला.

कल्हईवाला म्हणाला, "अहो शेठ, माझं पातेलं घरी जाऊन त्यात आमटी शिजायला लागली! तुमचं भिंग अजून बसतंच आहे?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो असा हसला, की डोळे मिटले, खांदे हलले, भात्याची दोरी हातातून सुटली. दुकानदाराचं बोट त्याच घडीला खटक्यावर होतं. खट्. नेमकं. जन्मभर शंभर माणसांमागे धावून जे मिळालं नाही ते मिळालं.

कल्हईवाला फौजेबरोबर गेला. त्याची बायको वेशीपर्यंत गेली आणि परतली.

दुकानदारानं औषध उकळलं आणि गार व्हायला ठेवलं. गार झाल्याशिवाय रोल धुता येत नाही. आता करायचं काहीच नव्हतं, नुसतं थांबायचं होतं, आणि तेवढंच त्याला येत नव्हतं.

तो दुकानात बसला. उठला. दोऱ्याची रिळं सरळ केली, मग वाकडी केली. मनात किडा शिरला. रोल आतल्या चाकाच्या दातांवर बसला होता का? मागे एकदा बसला नव्हता. सबंध बाजार फोटो काढत हिंडला होता आणि आत रोल जागचा हललाच नव्हता. तसं झालं असेल तर? कल्हईवाला अजून नदीपलीकडे गेला नसेल. आत्ताच कळलं तर धावत जाता येईल. एकदाच बघू. जरासं. डोळ्याएवढी फट.

अंधाऱ्या खोलीत नेऊन हातानं चाचपून बघायचं होतं, तर तेही करता आलं असतं. पण तिथपर्यंत जायला दहा पावलं टाकावी लागतात ना!

भर दुपारी, दुकानाच्या पायरीवर, अंगावर धोतराचा सोगा ओढून त्यानं पेटीचं झाकण उघडलं.

रोल दातांवर नीट बसला होता. घट्ट. सगळं जिथल्या तिथं होतं. सगळं बरोबर आहे हे बघायला त्यानं झाकण उघडलं, आणि झाकण उघडलं म्हणून त्यातलं काहीच बरोबर राहिलं नाही. वारा आला, सोगा उडाला, आणि दुपारचं ऊन सरळ पेटीत शिरलं.

तरी त्यानं रोल धुतला. वेड्यासारखा धुतला. बाहेर आली ती काळीकुट्ट पट्टी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी.

वाघूळ वरून बघत होती. "मला अंधारातलं दिसतं, सुईवाल्या. या पट्टीवर मलाही काही दिसत नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी कल्हईवाल्याची बायको आली. "दादा, झालं?"

"अजून ओलं आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आली. "वाळलं?"

त्याच्या तोंडून खोटं निघेना. त्यानं पट्टी तिच्या हातात दिली आणि काय केलं ते सांगितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. पट्टी तिनं उन्हाकडे धरून बघितली, उलटी करून बघितली, आणि त्याच्या गल्ल्यावर ठेवून दिली.

"तुमच्या पेटीतलं मला काही समजत नाही, दादा. दात बसले का उठले तेही समजत नाही. माझ्या पोराला बापाचं तोंड बघायचंय. कसं ते तुम्ही बघा." आणि ती गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुकानदारानं दुकानाला कडी लावली. पेटीत नवा रोल घातला, भिंगांची पिशवी खांद्याला अडकवली आणि फौजेच्या मागे निघाला.

फौजेचा माग काढणं सोपं असतं. जिथं गवत उरलं नाही, विहिरीत पाणी उरलं नाही आणि लोक दार उघडत नाहीत, तिकडून ती गेलेली असते. चालून चालून त्याच्या वहाणा फाटल्या. शेवटी एका माळावर त्याला तळ दिसला. तळाच्या कडेला हंड्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी भट्टीपुढे कल्हईवाला.

तो ओळखू येत नव्हता. गाल आत गेले होते. धुरानं डोळे लाल झाले होते. एक हंडा संपला की दुसरा पुढे येत होता, आणि मागे एक शिपाई उभा राहून "चल, चल" करत होता.

"शेठ? तुम्ही इथं? घरी बरं आहे ना?"

"घरी सगळं बरं आहे. तुझा फोटो पुन्हा काढायचा आहे. पहिला मी घालवला."

कल्हईवाल्यानं कसा घालवला ते विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता. "काढा लवकर," तो म्हणाला.

दुकानदारानं या वेळी भिंग बदललं नाही. पेटी डोळ्याला लावली. "हस."

"कशावर हसू?"

"त्या दिवशी हसलास तसा. पातेल्याचं म्हणालास, आमटीचं."

"काय म्हणालो होतो?"

दुकानदारानं आठवून आठवून सगळं सांगितलं. धूर, पातेलं, आमटी, भिंग. दुसऱ्याचा विनोद त्यालाच परत सांगून बघा कधी. कल्हईवाल्यानं दात दाखवले. मेल्या बोकडासारखे नुसते दात.

"राहू दे," दुकानदार हळूच म्हणाला. "तोंड मीट. आहेस तसा बस."

खट्.

"पोराला सांगा," कल्हईवाला काहीतरी सांगायला गेला, पण मागून "चल, चल" आलं आणि तो पुढच्या हंड्याकडे वळला.

दुकानदारानं पेटी सुतळीनं आवळली, गाठीवर गाठ मारली आणि परत निघाला. पण हात ऐकेनात. रोल बसला होता ना? सुतळी सोडायला किती वेळ लागतो? तो हात काखेत दाबून चालायचा. झोपताना पेटी डोक्याखाली घ्यायचा आणि झोप यायची नाही.

राज्याच्या नाक्यावर पहारेकऱ्यानं त्याला अडवलं.

"पेटीत काय आहे?"

"एक चेहरा आहे."

"कुणाचा?"

"कल्हईवाल्याचा."

"मुंडकं कापून आणलंस की काय? उघड!"

"उघडलं की तो जातो, मालक."

पहारेकरी मोठ्यानं हसला. "बघितलं की जातं असं जगात काय असतं रे? सोनं बघितलं म्हणून जात नाही. बायको बघितली म्हणून जात नाही, मी तर रोज बघतो!" आणि त्यानं सुतळीला हात घातला.

दुकानदारानं त्याचं तोंड बघितलं. पापण्या फडफडत होत्या, बोटं वळवळत होती. एकदाच बघू. जरासं. या माणसाला त्यानं बरोबर ओळखलं.

त्यानं पिशवीतलं सगळ्यांत मोठं भिंग काढून पहारेकऱ्याच्या तळहातावर धरलं. तळहाताच्या रेषा ओढ्याएवढ्या झाल्या. पहारेकरी म्हणाला, "आयला!" मग त्यानं मुंगी बघितली, भाल्याचं टोक बघितलं, मिशीचा केस उपटून बघितला. पण एक हात पेटीवरच. दुकानदारानं दुसरं भिंग दिलं. तिसरं दिलं. पोटच्या पोरांसारखी जपलेली सगळी भिंगं एकामागून एक गेली. पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठं तो हात पेटीवरून उचलला.

घरी येऊन त्यानं औषध उकळलं, गार व्हायला ठेवलं आणि तो अंधाऱ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसून राहिला. औषध गार झालं तेव्हाच तो उठला. फोटो उमटला. स्वच्छ, ठसठशीत. एवढा चांगला फोटो त्यानं कधी काढला नव्हता.

फोटो घेऊन तो कल्हईवाल्याच्या घरी गेला. मुलगी झाली होती. बाळंतिणीनं फोटो मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बघितला.

"हेच आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण दादा, गेले ते असे नव्हते."

फौज परत आली. कल्हईवाला आला नाही. कुणी म्हणालं ताप आला, कुणी म्हणालं नदीत हंडा वाचवायला गेला. धड कुणी सांगितलं नाही.

मुलगी मोठी झाली. रोज उठून ती त्या फोटोला नमस्कार करायची. बाप म्हणजे आत गेलेले गाल, लाल डोळे आणि मिटलेलं तोंड, असं तिला पाठ झालं. ती स्वतःही कमी बोलायची. आई पूर्वीचं सांगू लागली की ही म्हणायची, "तू रडशील, नको सांगूस."

एकदा ती सुया घ्यायला दुकानात आली. दुकानदार आता म्हातारा झाला होता. त्याला राहवलं नाही.

"पोरी, तुझा बाप फार हसायचा बघ. हसला की डोळे मिटायचे. भात्याची दोरी हातातून सुटायची."

मुलीनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं.

"नाही हो काका, माझे बाबा हसत नसत," ती म्हणाली. "घरी फोटो आहे ना. तुम्हीच काढलाय. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असेल."

आणि सुयांची पुडी घेऊन ती निघून गेली.

तात्पर्य लिहून ठेवा: जे अंधारात तयार होतंय ते अर्ध्यात उघडून बघू नका, कारण पुन्हा मिळालं तरी तेच मिळत नाही.