कितव्या मिनिटाला?

कोल्हापुरात फुटबॉलचा सामना म्हणजे अख्ख्या पेठेची अब्रू. त्यामुळे नागझरी तालमीच्या संघाच्या लीग सामन्याआधी थोरल्या पंचांना ऐनवेळी ताप भरला, यात नवल नाही. संयोजकांनी शिट्टी दिली एकोणीस वर्षांच्या आफरीन शिकलगारच्या हाती. तिची पंचाची परीक्षा झालेली फक्त शाळकरी मुलांच्या सामन्यांपुरती.

पूर्वार्धात तिनं नागझरीला पेनल्टी दिली. गोल झाला, हलग्या कडाडल्या. सत्तराव्या मिनिटाला तिनं नागझरीविरुद्ध पेनल्टी दिली आणि तालमीचे अध्यक्ष दिनकरराव इंगवले थेट मैदानात उतरले.

"पोरी, तुझा परवाना बारक्या पोरांचा! मोठ्यांच्या मॅचला तू पात्रच नाहीस. निर्णय मागं घे!"

माणूस खोटं बोलत नव्हता. आफरीननं खिशातली वही काढली.

"खरं आहे, काका. लिहूनच घेते. पण पंचाच्या अहवालात प्रत्येक गोष्टीचं मिनिट लागतं. मी अपात्र कितव्या मिनिटाला झाले?"

दिनकररावांनी मनात हिशेब केला. पहिलं मिनिट म्हणावं, तर आपला गोल जातो. सत्तरावं म्हणावं, तर सगळी गॅलरी हसते. ते जागेवर जाऊन बसले. पेनल्टीवर गोल झाला आणि सामना बरोबरीत सुटला.

नंतर आफरीननं अहवाल पुरा केला. आपल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या ओळीत तिनं स्वतःच लिहिलं: "पंच अपात्र, पहिल्या मिनिटापासून. पुढची परीक्षा होईपर्यंत मला मोठ्यांचा सामना देऊ नये."