एक पाऊल मागे

"…ते सगळं राहू द्या मास्तर, फिल्म कोणत्या भिंतीवर लावू तेवढं सांगा."

उपळेकर मास्तरांनी स्टूल ओढलं आणि भिंतीकडे पाठ करून ते तिच्यासमोर बसले.

तेजस्विनी मगदूमने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. मास्तरांची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. विद्यार्थ्याची फिल्म ते कधी बघत नसत. ती चालू असताना करणाऱ्याचं तोंड बघत. त्यांच्या हाताखालून गेलेली निम्मी पोरं त्यांना चक्रम म्हणत आणि उरलेली निम्मी त्यांना टरकून असत.

इचलकरंजीतल्या त्या बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये उद्या सकाळी प्रदर्शन उघडायचं होतं. नव्या दमाचे नऊ कलाकार, आणि प्रत्येकाला काळं कापड ताणून एकेक आडोसा करून दिलेला. तेजस्विनीला सगळ्यात मोठा कोपरा मिळाला होता. तो का मिळाला, हेही ती चारचौघांत सांगायला विसरत नसे. तिची फिल्म बघून निवड करणाऱ्यांतल्या एक बाई तर रडल्या होत्या.

"लाव," मास्तर म्हणाले.

तिने प्रोजेक्टर चालू केला.

भिंतभर तिचे वडील उमटले. दवाखान्यातली खाट, नाकातली नळी, खिडकीचा उजेड. तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस तिथे आडवा पडला होता. अकरा मिनिटं, आवाज नाही. फिल्म संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिला अवघडल्यासारखं झालं.

फिल्म संपली. पुन्हा सुरू झाली.

"सातव्या मिनिटाला काय आहे?"

"का?"

"तिथं तू खाली बघितलंस."

"तिथं… बाबा हात पुढं करतात." तिने चटकन मान वर केली. "सगळ्यांना तीच जागा आवडते मास्तर. हात थेट बघणाऱ्याकडं येतो. जाणारा माणूस जगाला शिवायला बघतोय, असं आहे ते."

"जगाला."

"हो."

"खोलीत कोण कोण होतं?"

"…मी होते."

"आणखी?"

"मीच."

पलीकडच्या आडोशात कुणीतरी खिळे ठोकत होतं. मास्तरांनी ते थांबेपर्यंत वाट बघितली.

"मग? पोचला का हात?"

"त्या लेन्सचं असं आहे," ती समजावून सांगू लागली. हे तिला छान जमायचं. "वस्तू फार जवळ आली की फोकस सुटतो. हात पुसट व्हायला लागला होता. सगळा शॉट वाया गेला असता. म्हणून मी…"

"म्हणून?"

तिने प्रोजेक्टरची वायर उगाच सरळ केली.

"म्हणून काय, मगदूम?"

"मी एक पाऊल मागं सरकले."

त्या दिवसापासूनच्या आठ महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. आईला सांगितलं नव्हतं, निवड करणाऱ्यांना तर नाहीच नाही. सगळ्यांपुढे जगाला शिवणाऱ्या हाताबद्दल बोलत राहिली होती. आता स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"सरकताना कॅमेरा हलला होता," ती म्हणाली. "तो झटका मी कापून टाकला. कुणाला कळत नाही."

"मला नको सांगू. मी बघितलीच नाही."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"किती वेळ होता हात तसा?"

"चौदा सेकंद."

हिशेब तोंडपाठ होता. फिल्म जोडताना तिने ते चौदा सेकंद किती वेळा मागे-पुढे केले, याला गणती नव्हती.

"मग?"

"मग खाली पडला. संध्याकाळी ते गेले." ती थांबली. "मी मनात म्हटलं, शॉट चांगला आला."

आणि तिला स्वतःची किळस आली.



"रागवा तरी मास्तर! काहीतरी बोला. ही फिल्म पुसून टाकू का? मूळ चित्रीकरणासकट टाकते, आत्ता, तुमच्यासमोर. नाहीतर लावते, आणि खाली लिहिते की ही मुलगी मागं सरकली. तुम्ही म्हणाल ते करते. डोळा लागत नाही मला. डोळा लागला की हात दिसतो."

"पुसल्यावर दिसायचा थांबेल?"

"…नाही."

"लिहिल्यावर?"

तिने नुसती मान हलवली.

मास्तरांनी स्टूल वळवलं. इतक्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याच्या फिल्मकडे ते असे तोंड करून बसले नव्हते. भिंतीवर सहावं मिनिट संपत आलं होतं. खाटेवरचा म्हातारा छताकडे बघत होता.

"जा," मास्तर म्हणाले.

"कुठं?"

"भिंतीपाशी."

ती उठली. जमिनीत माग बसवायचे बोल्ट अजून तसेच होते. त्यांना ठेचकाळत ती पुढे गेली. प्रोजेक्टरचा झोत तिच्या पाठीमागून येत होता.

भिंतीवर वडिलांचं मनगट उचललं गेलं. बोटं उघडली. हात पुढे आला.

तिचे पाय जागीच रुतले. मग तिने एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं आणि आपला हात लांब केला.

भिंतीला हात लागला. गार चुना.

वडिलांचा हात तिथे नव्हता. त्या जागी तिची स्वतःची काळी सावली होती. ती घाबरून मागे सरली, तर हात पुन्हा दिसला, तसाच पसरलेला. ती पुढे झाली. पुन्हा सावली.

"मास्तर…" तिला रडू आवरेना. आठ महिन्यांचं साठलेलं होतं, ते हमसून हमसून बाहेर आलं. "मागं सरलं की दिसतो हो. जवळ आलं की दिसतच नाही. कुठं गेला?"

मास्तर बघत होते.

"मागं येऊ का मास्तर?"

"हलू नकोस," मास्तर म्हणाले. "हात तुझ्या पाठीवर आहे."