राजाची खुराडी आणि राखेचा शाप

एका राज्यात, जिथे कोंबडा आरवल्यावाचून सूर्य उगवत नसे, चंडसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजाला ध्यास एकच, पिसांचा. दरवर्षी दरबारात कोंबड्यांचे प्रदर्शन भरे आणि मानाच्या पिंजऱ्यात राजाचाच कोंबडा असे. अंग सोनेरी, पिसापिसाला काजळाची किनार.

तो वाण राजाच्या खुराड्यांची राखणदारीण भिवरा सांभाळी. कोणता कोंबडा कोणत्या कोंबडीला लावायचा, ते तीच ठरवी. पिसे फुटल्यावर ज्या पिलाची किनार पुसट निघे, त्याची मानही तीच मुरगळी. राजाची तशी आज्ञा होती.

एकदा एका तलंगेच्या छातीवर पांढरा ठिपका निघाला. भिवराने मान धरली, तशी ती कोवळी कोंबडी बोलली, "बाई, सोड मला. आई वाट बघते."

भिवराचा हात थबकला. पण राजा समोर उभा होता. तिने डोळे मिटले आणि मान मुरगळली.

ती तलंग म्हणजे कोंबडीच्या रूपात खुराड्यात शिरलेली, डोंगरावरच्या कंकाळी चेटकिणीची लेक. कंकाळी वेशीवर येऊन पोटभर रडली, मग म्हणाली, "राजा, रंगापायी माझी लेक मारलीस. तुझ्या राज्यातल्या लेकरांची राख होईल."

त्याच दिवशी मुले राखेच्या रंगाची झाली आणि वाऱ्याने झिजू लागली. राणीचा तान्हा राजपुत्र पहिल्याच वावटळीत गेला. राजाने खुराड्यांना पडदे लावून घेतले. भिवराची नात रंभी तिच्या मांडीवर होती. झुळूक आली आणि पोरीच्या पायाची करंगळी उडून गेली.

भिवरा डोंगर चढली, कंकाळीच्या पायांवर पडली. "उःशाप द्या, आई."

"तीन पक्षी आण. एक हाडापर्यंत काळा. एक नखापर्यंत पांढरा. आणि एक असा, की ज्याच्या वाणात एकाही पिलाचा जीव घेतलेला नाही."

शापित राज्यात पिले अमावास्येला अंड्यातून निघत आणि पौर्णिमेला आरवत. भिवराने काळा दिला, मुलांचे केस काळे झाले. पांढरा दिला, दात पांढरे झाले. अंगे मात्र राखेचीच राहिली.

तिसऱ्या वेळी तिने एकही मान मुरगळली नाही. पिले निघाली ती कबरी, ठिपक्यांची, उघड्या मानेची. राजाने ती पाहिली.

"ही घाण माझ्या खुराड्यात? मार त्यांना."

"नाही, महाराज."

राजाने तलवार उपसली. भिवराने पिलांवर हात आडवा धरला. हात मनगटापासून तुटून पडला, आणि रक्त मातीला लागताच राज्यातल्या लेकरांची अंगे उजळली.

राजा दरबारात परतून सिंहासनावर बसला, मागोमाग पिले घेऊन भिवरा आली, आणि त्यातले एक कबरे पिलू उचलायला कंकाळी आली. "शाप फिटला, भिवरा. पण तो विरत नाही. त्याला घर लागते." एवढे बोलून तिने राजाकडे पाहिले.

राजा सिंहासनावर बसल्या जागी राखेचा झाला. राणी उठली.

"दरबाराची दारे उघडा," ती म्हणाली. "सगळी."

बाहेर वारा सुटला होता.