भुकेले काड

पूर्वी अश्मक देशावर धृतिषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य मेधंकर होऊन जन्मला होता. त्या देशात कापणी झाली की शेतातले काड पेटवून द्यायचे आणि त्याचा धूर शेताच्या राखणदार क्षेत्रपालाला वाहायचा, अशी रीत होती. मग गोठ्यांतल्या मातीतून काढलेला सोरा खत म्हणून टाकला की पीक तरारून येई. पण काळी जमीन वर्षागणिक फिकी पडत चालली होती, वाऱ्याने उडू लागली होती. जमिनीचा काळेपणा कुजलेल्या काडातून येतो आणि तोच आपण जाळतो, हे बोधिसत्त्वाने ओळखले. त्याने एका गावाला सांगितले, "यंदा काड जाळू नका, नांगरून आत घाला. तेच खत. सोराही नको."

गावाने भीतभीत ऐकले. पुढचे पीक गुडघ्याएवढे झाले आणि पिवळे पडले. गावाची पाचावर धारण बसली. उपाशी क्षेत्रपाल आज पीक खातोय, उद्या पोरे खाईल, अशी कुजबुज सुरू झाली. त्यातच गावचा मुख्य गोमिल याची लेक तापाने फणफणली. माणसे भ्याली की काय करतील याचा नेम नसतो. बोधिसत्त्व पीक पाहायला आला, तेव्हा त्यांनी त्याला शेतातच खांबाला बांधले आणि भोवती काड रचले.

"क्षेत्रपालाचा घास तुम्ही हिरावलात," गोमिल म्हणाला. त्याच्या हातात पेटता पलिता होता. "माझी पोर जायच्या आत तो घास त्याला देतो."

तेवढ्यात राजाचा सेनापती स्वारांसह बांधावर आला. "अमात्य, नुसती मान हलवा. एकालाही जिवंत सोडत नाही!" बायका पोरांना पोटाशी धरून मटकन खाली बसल्या.

बोधिसत्त्वालाही भीती वाटत होती. पण त्या बायकांची भीती त्याला आपल्या भीतीहून मोठी दिसली. "मागे फिरा," तो सेनापतीला म्हणाला, "आणि घोडे दृष्टीआड न्या." स्वार निघून गेले. आता त्याला वाचवणारे कोणी नव्हते.

त्याने मान खाली घातली. पायाशी उपटून टाकलेल्या एका रोपाच्या मुळांना अर्धवट कुजलेले काड चिकटले होते. ते पाहून त्याला आपली चूक कळली.

"गोमिल, क्षेत्रपाल नाही, काड उपाशी आहे. कुजताना जमिनीतलं सत्त्व तेच खातंय, पिकाला उरत नाही. सोरा बंद करायला लावला, ही चूक माझी. या शेतात थोडा सोरा टाका, पाणी द्या, म्हणजे काडाचंही भागेल आणि पिकाचंही. पीक हिरवं होईपर्यंत मला असंच बांधून ठेवा."

"आणि तोवर पोर गेली तर?"

"तर थांबू नका."

गोमिलने सोरा टाकला. रोज सकाळी तो पलिता घेऊन येई, पिवळी पाने पाही आणि परत जाई. एका सकाळी पिकाची नवी पाने हिरवीगार निघाली. लेकीचा ताप अजून उतरला नव्हता, तरी गोमिल दोराशी वाकला. त्याने पलिता मातीत विझवला आणि गाठ सोडली.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा सेनापती म्हणजे आजचा आनंद, गोमिल म्हणजे आपल्याच सावलीला भिणारा हा भिक्खू तिस्स, आणि अमात्य मीच होतो. जो भीतीपोटी आपल्याला मारायला उठतो, त्यालाही अभय देणे, ही क्षांतिपारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता होय."